शाई : कच्ची की पक्की?

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक भावाच्या आधी एक प्रश्न हमखास विचारते : "रंग जाणार नाही ना?" कोणी पदराचे टोक ओले करून पाहते, कोणी रुमालावर घासून पाहते. आम्ही आयुष्यभर हा प्रश्न ऐकत आलो आणि त्यात गैर काही नाही. मात्र तेच गिऱ्हाईक स्टेशनरीच्या दुकानात जाऊन शाईची बाटली मागते तेव्हा फक्त "निळी द्या" एवढेच म्हणते. शाई हाही रंगच आहे. फरक इतकाच की तो सुताऐवजी कागदावर चढतो. कापडाचा रंग उडाला तर एक सदरा वाया जातो. हिशेबाच्या वहीतला रंग उडाला तर देणेघेणे, सही आणि साक्ष तिन्ही जातात.

आज बॉलपेन, जेल पेन आणि मोबाइलचा जमाना आहे हे खरे. तरीही फाउंटन पेन संपलेले नाही. अक्षर सुधारावे म्हणून काही पालक मुलांच्या हाती ते देतात, वकील आणि अधिकारी सहीसाठी वापरतात. उर्दू लिहिणाऱ्यांना त्याची निब विशेष मानवते. अलीकडे हौसेने पेन जमवणारी तरुण मंडळीही वाढली आहेत. कुळगाव, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातील दुकानदारांसाठी हा लहान का होईना, पण चालणारा माल आहे. म्हणून घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने काय पाहावे, याचा विचार येथे करीत आहोत.

मुसलमान व्यापाऱ्याला तर हा विषय परका नसावा. कुरआनच्या अडुसष्टाव्या सूरहचे नावच 'अल-कलम' आहे आणि तिच्या आरंभी कलमेची शपथ आहे. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत, आणि ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. मुदतीचे देणे लहान असो वा मोठे, ते लिहून ठेवण्यास कंटाळू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. लिहिण्याचा हेतूच पुढे वाद होऊ नये हा असेल, तर मुदत येईपर्यंत टिकणार नाही अशा शाईने लिहून काय उपयोग?

शाईच्या तीन जाती

शाई हा शब्द फारसी 'सियाह' म्हणजे काळा यावरून आला. आज मात्र बाजारात सर्व रंगांच्या शाया आहेत. रंगापेक्षा त्यांची जात ओळखणे महत्त्वाचे.

पहिली जात पाण्यात विरघळणाऱ्या रंगांची. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक निळ्या, काळ्या, तांबड्या शाया याच जातीच्या. रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, गाळ नसतो, म्हणून पेन सुरळीत चालते आणि धुऊन लगेच साफ होते. दोष तोच : जो रंग पाण्यात विरघळला तो वाळल्यावरही पाणी लागताच पुन्हा सुटू शकतो. रॉयल ब्लू ही त्यातली सर्वांत कच्ची. शाळेच्या गणवेशावरचा डाग निघावा म्हणूनच ती मुद्दाम तशी केलेली असते. उन्हातही ती लवकर फिकी पडते.

दुसरी जात लोह आणि तुरटपणाची. हिरडा, मायफळ यांसारख्या तुरट वस्तूंचा अर्क आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग तयार होतो. सह्याद्रीच्या जंगलातला हिरडा रंगाऱ्यांनी आणि शाई करणाऱ्यांनी दोघांनीही वापरला. हिराकस म्हणजे लोखंड आणि गंधकाम्ल यांपासून होणारा क्षार. गंधकाम्लाचा धंदा आपल्या भागाला नवा नाही. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथला त्याचाच कारखाना काढला होता. ही शाई लिहिताना फिकी दिसते म्हणून तिच्यात थोडा निळा रंग घालतात. हवा लागली की लोहाचे रूप बदलते आणि अक्षर काही तासांत, काही दिवसांत काळसर होत जाते. तो काळा भाग पाण्यात विरघळत नाही. जुन्या 'ब्लू-ब्लॅक' नावामागचे रहस्य हेच. इंग्लंडमध्ये जन्म, मृत्यू, विवाहाच्या नोंदवह्यांसाठी याच जातीची शाई वापरत असत. मात्र ती आम्लधर्मी असते. लोखंडी काळ्या रंगाचे जुने कापड जसे कालांतराने कुजून फाटते, तशी तिखट केलेली ही शाई कागद आणि पोलादी निब दोन्ही खाते. फाउंटन पेनसाठी तयार केलेली सौम्य शाईच घ्यावी आणि पेन वेळोवेळी धुवावे.

तिसरी जात काजळीची. आमच्या उर्दू शाळेत तख्तीवर बोरूने लिहिण्यासाठी जी शाई असे ती याच कुळातली : काजळी आणि बाभळीचा डिंक. कातिबांनी लिहिलेल्या जुन्या पोथ्या शेकडो वर्षांनंतरही काळ्याभोर दिसतात, कारण काजळी उन्हाने विटत नाही. पण ही शाई बोरू किंवा टाक दौतीत बुडवून लिहिण्यासाठी आहे. चित्रकलेच्या दुकानात मिळणारी काळी शाई, जिच्यात डिंक किंवा लाख असते, ती फाउंटन पेनमध्ये घातली तर निबेखालच्या बारीक खाचा कायमच्या बुजतात. अलीकडे जपानी कंपन्यांनी अतिसूक्ष्म काजळीच्या, खास फाउंटन पेनसाठी शाया काढल्या आहेत. त्या पक्क्या असतात, पण महाग, आणि पेन रोज चालवणाऱ्यासाठीच योग्य.

आपल्या देशातला माल

शाईच्या धंद्याचा इतिहास महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा आहे. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत गिरगावात शाईची पूड आणि गोळ्या करण्यास आरंभ केला. पहिला छाप घोड्याचा, पुढे उंटाचा आला. 'कॅमल' आणि 'इंक' मिळून कॅमलिन हे नाव झाले. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. बंगालमध्ये १९३४ साली स्वदेशीच्या प्रेरणेने मैत्र बंधूंनी 'सुलेखा' काढली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडली, पुढे कारखाना पुन्हा उभा राहिला आणि २०२० मध्ये तिची फाउंटन पेनची शाई बाजारात परत आली. दक्षिणेत ब्रिल आणि चेलपार्क ही नावे जुन्या वाचकांना आठवतील. परदेशी मालात पार्करची 'क्विंक' १९३१ पासूनची. जर्मनीच्या पेलिकनची ४००१ मालिकेतली ब्लू-ब्लॅक वर सांगितलेल्या लोहाच्या जातीची आहे.

देशी शाई स्वस्त आहे म्हणून कमी प्रतीची, असे समजू नये. रोजच्या लिखाणाला ती उत्तम चालते आणि पेनला सहसा त्रास देत नाही. प्रश्न चांगली-वाईट असा नसून कोणत्या कामाला कोणती, असा आहे.

पुराने शिकवलेला धडा

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी आणि वालधुनीच्या पाण्याने बदलापूरपासून कल्याणपर्यंत जे हाल केले ते येथील लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. आपल्या भागात वही भिजणे ही कल्पनेतली गोष्ट नव्हे.

२००५ च्या पुरानंतर ओळखीच्या दुकानदारांच्या वाळत घातलेल्या वह्या आम्ही पाहिल्या. शिसपेन्सिलीने टिपलेले आकडे जसेच्या तसे होते. बॉलपेनचे बरेचसे वाचता येत होते, कारण ती शाई तेलात कालवलेली असते. निळ्या शाईने सुरेख अक्षरात लिहिलेली पाने मात्र आकाशी रंगाची झाली होती. एका दुकानदाराची लग्नसराईची सगळी उधारी अशा पानांत होती. काही गिऱ्हाइकांनी स्वतः येऊन आपले देणे सांगितले. अल्लाह त्यांच्या व्यवहारात बरकत देवो. काही आले नाहीत, आणि त्यांच्याकडे मागायला कागद उरला नव्हता.

बाटलीवर 'पर्मनंट' लिहिले असले तरी निर्धास्त राहू नये, हा यातला मुख्य धडा. अनेकदा त्या शब्दाचा अर्थ एवढाच असतो की कपड्यावरचा डाग सहज निघणार नाही. कागद तासभर पाण्यात राहिला तर अक्षर टिकेल, अशी हमी त्यात नसते. कापडाच्या ताक्यावर 'पक्का रंग' छापलेले असले तरी शहाणा व्यापारी कोपरा धुऊन पाहतोच.

घरच्या घरी परीक्षा

आपल्या नेहमीच्या पेनने, आपल्याच वहीच्या कागदावर पाच-सहा ओळी लिहाव्यात. कागद बदलला की निकाल बदलतो, म्हणून दुसऱ्याचा अनुभव पुरेसा नाही. चोवीस तास वाळू द्यावे आणि कागदाच्या चार पट्ट्या कापाव्यात.

१) पहिली पट्टी तासभर पाण्यात ठेवावी, काढून वाळवावी. अक्षर वाचता आले पाहिजे.

२) दुसरी पट्टी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून खिडकीत उन्हात पंधरा दिवस ठेवावी. झाकलेला आणि उघडा भाग ताडून पाहावा.

३) तिसऱ्या पट्टीवर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा एक थेंब टाकावा. जी शाई क्षणात नाहीशी होते तिने धनादेश लिहू नये. खोडसाळ माणसाला तेवढेच हवे असते.

४) चौथी पट्टी तारीख व शाईचे नाव लिहून फाइलमध्ये जपून ठेवावी. पुढची बाटली त्याच कंपनीची आली तरी तिच्याशी ताडून पाहता येते.

बाटली घेताना

पहिल्यांदा लहान बाटली घ्यावी. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, किती मिलीलिटर, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत पाहावी. ही माहिती छापणे कायद्याने आवश्यक आहे. ज्यावर ती नाही तो माल स्वस्त मिळाला तरी नको. सुटी शाई तर घेऊच नये.

झाकण सीलबंद असावे. बाटली उजेडासमोर धरून हळूच उलटी करावी. तळाशी चिकटलेला गाळ किंवा वर तरंगणारी साय दिसली तर परत द्यावी. घरी उघडल्यावर कुबट वास आला तर बुरशी लागली असे समजावे आणि ती शाई पेनात भरू नये. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात हे घडते. काचेच्या कपाटात उन्हात मांडलेली बाटली घेऊ नये, आतल्या खोक्यातली मागावी. ज्या दुकानात माल फिरतो तेथेच खरेदी करावी.

दुकानदार बंधूंनी मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून किंवा अन्य घाऊक बाजारातून माल आणताना जुना साठा सवलतीत मिळतो म्हणून भरू नये. वर्षात खपेल तेवढाच घ्यावा आणि जुनी बाटली पुढे ठेवून आधी विकावी.

भावाचाही हिशेब पाहू. पेन एकदा भरायला साधारण १ ते ३ मिलीलिटर शाई लागते. म्हणजे ६० मिलीलिटरच्या बाटलीत वीस ते साठ वेळा पेन भरते. बाटलीमागे काही रुपये वाचवून शेकडो रुपयांचे पेन बिघडवणे हा तोट्याचा सौदा आहे.

दोन शाया एकमेकींत मिसळू नयेत, गाळ धरण्याचा धोका असतो. शाई बदलताना पेन साध्या पाण्याने रंग येईनासा होईपर्यंत धुवावे. गरम पाणी वापरू नये. शिक्क्याच्या पॅडची किंवा प्रिंटरची शाई पेनात घालू नये.

कोणत्या कामाला कोणती

शाळकरी मुलाला धुऊन निघणारी रॉयल ब्लू द्यावी. आईचे कष्ट वाचतील. पत्रव्यवहार आणि टिपणांना कोणतीही चांगली देशी निळी किंवा काळी चालेल. उधारीची वही, पावती, करारनामा, वसीयत यांना लोहाच्या जातीची ब्लू-ब्लॅक किंवा काजळीची, आणि तीही परीक्षा करूनच. ती मिळत नसेल तर चांगले बॉलपेन वापरावे, त्यात कमीपणा नाही.

धनादेशाबद्दल एक खुलासा. २०२५ च्या सुरुवातीस काळ्या शाईने धनादेश लिहिण्यास बंदी झाल्याची अफवा मोबाइलवर फिरली होती. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने ती खोटी ठरवली. रिझर्व्ह बँकेने विशिष्ट रंग ठरवून दिलेला नाही. मात्र धनादेशाची प्रतिमा काढली जाते, म्हणून ठळक उमटणारी आणि सहज न पुसणारी शाई असावी.

टिकायला हवी तरी किती? जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे मालाच्या उधारीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत करावा लागतो. त्या मुदतीत देणेकऱ्याने सहीनिशी देणे कबूल केले तर मुदत नव्याने मोजली जाते. ती सहीच वाचता आली नाही तर कबुली कोणाला दाखवणार? वसीयत आणि वाटणीच्या कागदांना तर याहून कितीतरी अधिक काळ टिकावे लागते.

उधारीच्या वहीत केवळ आपले घेणे नसते. दुसऱ्याने भरलेली रक्कमही त्यातच जमा असते. ती नोंद पुसली गेली तर त्याच्याकडून दोनदा वसुली होण्याचा धोका आहे, आणि तो हराम पैसा आपल्या गल्ल्यात येईल. म्हणून वही ही दोन्ही पक्षांची अमानत समजावी. नवी बाटली उघडली की चार पट्ट्यांची परीक्षा आधी करावी, आणि मगच तिने वहीत पहिला आकडा लिहावा.