इंजिन घोडीवर कसे चढवावे

कुंडल आणि आसपासच्या गावांना यंत्र नवे नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना काढला. जमीन औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिली. माळ म्हणजे काय, तर निवडुंग आणि साप. तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले, पुढे पंप झाले. स्टेशनाचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले. तेव्हा आपल्याकडच्या माणसाला नट-बोल्ट आणि पाना यांची ओळख शाळेच्या आधी झाली, असे म्हटले तरी चालेल.

आज आपण मोटारीच्या इंजिनाचा धडा घेऊ. जुन्या मोटारी पुन्हा चालत्या करण्याची हौस हल्ली वाढली आहे. कोणाकडे जुनी जीप असते, कोणाकडे पद्मिनी. ही पद्मिनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात होत असे. तो कारखाना ज्या कंपनीचा, ती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली होती. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून या गाड्या २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावल्या. आता ती हौसेची गाडी झाली. अशा गाडीचे इंजिन खोलायचे, तर ते आधी गाडीतून काढून घोडीवर चढवावे लागते. घोडी म्हणजे लोखंडी स्टँड. खाली चार लहान चाके, वर एक खांब, आणि खांबाच्या डोक्याला फिरते तोंड. इंजिन त्या तोंडाला बांधले की पाहिजे तसे फिरवता येते. जमिनीवर बसून, वाकून काम करावे लागत नाही.

काम सोपे वाटते. पण चेंगरलेली बोटे याच कामात जास्त दिसतात. पद्मिनीचे इंजिन गिअरबॉक्ससकट शंभर किलोच्या पुढे जाते. म्हणजे सिमेंटच्या दोन पोत्यांहून जास्त. जीपचे त्याहूनही जड. पोते अंगावर पडले तर माणूस उठतो. इंजिनाला कोपरे असतात.

आधी इंजिनातले पाणी आणि तेल काढून घ्यावे. मग ते चेनकप्पीने उचलावे. कप्पी कुठे टांगायची, हा पहिला प्रश्न. पुष्कळ लोक लिंबाच्या फांदीला टांगतात. आम्हाला हे मुळीच पसंत नाही. फांदी आतून पोखरलेली असली तर बाहेरून कळत नाही. पक्की लोखंडी तिपाई असावी, नाहीतर गॅरेजातली क्रेन. कप्पीवर आकडा लिहिलेला असतो, अर्धा टन किंवा एक टन. एक टन म्हणजे हजार किलो. तो आकडा वाचल्याशिवाय साखळीला हात लावू नये. विहिरीचा जुना दोर तर कधीच वापरू नये. लोखंडाच्या धारेवर दोर कापला जातो.

साखळी बांधताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी दोर धरून भरलेली घागर उचलली, तर जवळजवळ उभे राहिल्यास ती हलकी लागते. दोघे लांब सरकले की हात भरून येतात. घागर तीच, ओढ वाढते. साखळीचेही तसेच. दोन पदर उभे असतील तर ओझे दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते. पदर फाकून अगदी आडवे आले, की प्रत्येक पदरावर सगळ्या इंजिनाएवढा ताण येतो, कधी त्याहूनही जास्त. म्हणून साखळी लांब घ्यावी आणि हूक उंच ठेवावा.

इंजिन लोंबकळत असताना त्याखाली हात घालू नये, पाय तर नाहीच. आमचा एक जुना विद्यार्थी आता मिस्त्री आहे. तो हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशीच सांगतो, "इंजान पडाय लागलं तर धरायचं न्हाई. सोडायचं आन मागं पळायचं. इंजान दुसरं मिळंल." शाळेत हा मुलगा कवायतीत मागे असे. पण त्याचे हे बोलणे आम्हाला फार शहाणपणाचे वाटते.

आता घोडीशी जोडणी. इंजिनाची मागची बाजू, म्हणजे जिथे गिअरबॉक्स बसतो ती, घोडीच्या तोंडाला बांधायची असते. म्हणून गिअरबॉक्स आणि क्लच आधी उतरवतात. मागचे जड चाकही बहुधा काढावे लागते. ते काढण्याआधी चाकावर आणि दांड्यावर समोरासमोर खूण करावी. तसे केले म्हणजे परत बसवताना चाक जागच्या जागी बसते.

घोडीच्या तोंडाला चार हात असतात. प्रत्येक हातातून एक बोल्ट इंजिनात जातो. सगळे ओझे या चार बोल्टांवर. डब्यातला दिसेल तो बोल्ट उचलून लावणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. बोल्टच्या डोक्यावर बारीक इंग्रजी आकडे असतात. साध्या बोल्टवर ४.६ असते किंवा काहीच नसते. मजबूत बोल्टवर ८.८ असते. हा साध्याच्या दुप्पट ओढ सोसतो. ज्याला हे दोन आकडे वाचता आले, त्याला दुकानदार फसवू शकत नाही. जीपच्या बोल्टांचे आटे इंचाच्या मापाचे असतात. तिथे मिलिमीटरचा बोल्ट जोर लावून घुसवू नये, आटे कायमचे जातात. बोल्ट जेवढा जाड, त्याच्या दीडपट तरी तो आत गेला पाहिजे. फार लांबही नको. लांब बोल्टचे टोक आत टेकते, आपल्याला वाटते आवळला, आणि हात मात्र ढिलाच राहतो.

तोल कसा साधायचा, हे ऊसवाल्या गाडीवानाला सांगावे लागत नाही. मागे जास्त ऊस भरला की गाडी उलाळ होते, बैलांच्या माना वर उचलल्या जातात. पुढे भरला की जू मानेवर बसते. इंजिनही असेच. ज्या दांड्यावर ते फिरणार, तो दांडा इंजिनाच्या भाराच्या मधोमध किंवा किंचित वर आला पाहिजे. दांडा खाली आणि भार वर, अशी बांधणी झाली तर खीळ काढताच इंजिन गर्रकन उलटते आणि हँडल धरणाऱ्याचे मनगट जाते.

घोडीचे तोंड आधी काढून, इंजिन टांगलेले असतानाच त्याला बांधावे. मग तोंडाचा दांडा खांबाच्या नळीत सरकवावा. खीळ घालावी. मग कप्पी थोडी थोडी सैल करावी. दोन बोटे सैल केली की थांबावे. खांब वाकतो का, बोल्ट सरकतात का, पाहावे. साखळी लगेच सोडू नये. घोडीवरही किती किलोची ते लिहिलेले असते, तेही वाचावे.

आपल्याकडची बरीच गॅरेजे मातीच्या जमिनीवर आहेत. घोडीची चाके बारकी असतात. एवढासा खडा आडवा आला तरी घोडी अडते आणि वरचे ओझे पुढे कलंडते. म्हणून खाली जाड पत्रा किंवा फळ्या टाकाव्यात, आणि घोडी खालून धरून सावकाश ढकलावी. इंजिन घोडीवर असेच उंचावर धरून शक्यतो लांब नेऊ नये.

इंजिनाच्या तळाशी तेलाचे भांडे असते. त्यात वर्षानुवर्षांचा काळा गाळ बसलेला असतो. ते भांडे काढून पुसल्याशिवाय इंजिन उलटे करू नये, नाहीतर तो गाळ वर सिलिंडरात आणि बेअरिंगांत उतरतो.

रात्री काम थांबवताना खीळ बसली आहे ना, ते हाताने चाचपून पाहावे. इंजिनाखाली लाकडी ठोकळे रचावेत. वर स्वच्छ कापड टाकावे. आणि हँडल काढून घरी न्यावे, कारण फिरणारी वस्तू दिसली की पोरे ती फिरवल्याशिवाय राहत नाहीत.