उसने दिले कोणी, उसने घेतले कोणी?



मराठीत 'उसने' हा शब्द दोन्हीकडे चालतो. शेजारच्या काकूंनी वाटीभर साखर उसनी दिली, आपण ती उसनी आणली. इंग्रजीत मात्र तसे नाही. उसने देण्याला 'लेंड' आणि उसने घेण्याला 'बॉरो', अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. आमच्या वर्गात ही दोघं सारखी एकमेकांच्या जागेवर जाऊन बसतात, म्हणून हा लेख लिहीत आहे.

ओळखायचे कसे? वाक्याचा कर्ता पाहा. वस्तू कर्त्याच्या हातून जात असेल तर 'लेंड'. कर्त्याच्या हातात येत असेल तर 'बॉरो'.

समजा, मला पेन हवे आहे. मी विचारीन, 'मे आय बॉरो युअर पेन?' म्हणजे मी तुझे पेन घेऊ का? किंवा विचारीन, 'विल यू लेंड मी युअर पेन?' म्हणजे तू मला पेन देशील का? पेन तेच, मागणारी मीच. पण पहिल्या वाक्यात कर्ता मी आणि दुसऱ्यात तू.

आणखी एक खूण. 'बॉरो' बरोबर 'फ्रॉम' येते, म्हणजे कोणाकडून. 'लेंड' बरोबर 'टू' येते, म्हणजे कोणाला. भूतकाळात 'लेंड'चे 'लेंट' होते आणि 'बॉरो'चे 'बॉरोड'.

दोन्हींत परत करणे आलेच. परत करायचे नसेल तर 'गिव्ह' आणि 'टेक' म्हणावे. खाल्लेली लिमलेटची गोळी कोणी बॉरो करत नाही!

आता थोडे पालकांसाठी. व्याजाच्या गणितात धनको आणि ऋणको असतात. धनको म्हणजे 'लेंडर', ऋणको म्हणजे 'बॉरोअर'. कर्जाच्या इंग्रजी कागदावर 'बॉरोअर' या शब्दाखाली सही केली, तर कर्ज फेडायचे आपण. 'गॅरंटर' म्हणजे जामीन. ऋणकोने पैसे बुडवले तर बँक जामिनाकडे मागू शकते. म्हणून आधी शब्द वाचावा, मग सही करावी. गंमत म्हणजे 'बॉरो' हा शब्दच जुन्या इंग्रजीतल्या तारण किंवा जामीन अशा अर्थाच्या शब्दापासून आला आहे.

जाता जाता एक प्रश्न. रमाने गणूला सायकल दिली, गणू ती संध्याकाळी परत आणणार आहे. लेंड कोणी केले? बॉरो कोणी केले? उत्तर पाटीवर लिहा आणि मधल्या सुट्टीत मला दाखवा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी