ऊन मागणारा खेळ

पडद्यावरचे खेळ घरात बसून खेळावयाचे, अशी सर्वांची समजूत असते. बाहेर पाऊस असो की ऊन, आत खेळणाराला त्याचे सोयरसुतक नसते. इ. स. २००३ च्या जुलै महिन्यात जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका खेळाने मात्र ही समजूत खोटी ठरविली. त्याचे नाव 'बोकुरा नो ताइयो'. ताइयो म्हणजे सूर्य आणि बोकुरा म्हणजे आम्ही मुले. 'आम्हा मुलांचा सूर्य' असा त्या नावाचा अर्थ. परदेशांत तो 'बोकताई' या नावाने ओळखला गेला. कोनामी कंपनीच्या या खेळाचे निर्माते हिदेओ कोजिमा हे होते.

हा खेळ निन्टेंडो कंपनीच्या 'गेम बॉय अॅडव्हान्स' या हातात मावणाऱ्या यंत्रावर चाले. यंत्रात खेळाची एक चपटी डबी, म्हणजे कार्ट्रिज, बसवावी लागे. बोकताईच्या कार्ट्रिजमध्ये प्रकाश मोजणारे एक लहानसे उपकरण होते. त्यावर ऊन पडले की पडद्यावरची एक पट्टी भरू लागे. खोलीतल्या दिव्याच्या उजेडात ती फारशी हलत नसे. योगायोग असा, की २००१ साली निघालेल्या मूळ यंत्राच्या पडद्यामागे दिवाच नव्हता, त्यामुळे चित्रसुद्धा घरातल्यापेक्षा उजेडातच स्पष्ट दिसे!

खेळाची कथा भयाण आहे. सूर्य निस्तेज झाला आहे आणि मृतांच्या नगरीत रक्तपिपासू पिशाचे माजली आहेत. जँगो नावाचा पोरका मुलगा तेथे एकटाच शिरतो. वडिलांची एक बंदूक, एवढाच काय तो त्याचा वारसा. ही बंदूक उन्हावर चालते. मुलाने यंत्र उन्हात धरले, तरच जँगोच्या बंदुकीत बळ येते. ते संपले, की शत्रूची पाठ वळेपर्यंत भिंतीआड दबा धरून बसावे लागते, किंवा भिंतीवर टकटक करून त्याला भलतीकडे धाडावे लागते. उन्हाचा हव्यासही बरा नव्हे. फार वेळ कडक उन्हात राहिल्यास बंदूक तापते आणि काही काळ निकामी होते.

खरी कसोटी पुढेच आहे. पिशाचांच्या सरदाराला नुसते हरवून भागत नाही. त्याला शवपेटीत कोंडून ती पेटी साखळीने ओढत, आल्या वाटेने, नगराच्या मोकळ्या जागी आणावी लागते. आतला शत्रू धडपडत असतो आणि पेटी हिसके देत असते. तेथे सूर्यकिरण एकवटणारे यंत्र आहे. त्या किरणांनीच सरदाराचा शेवट होतो, आणि त्यासाठी खरेखुरे ऊन लागते.

ओसाकातील एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. डिसेंबर महिना आहे. शाळेतून येऊन तो अंगणात खेळत बसला आहे. मोठ्या कष्टाने त्याने पेटी बाहेर आणली, आणि पाहतो तो, पाच वाजण्याच्या आतच सूर्य मावळला! बोटांचे कौशल्य कितीही असो, आता उपयोग नाही. सकाळची वाट पाहिल्यावाचून गत्यंतर नाही, आणि सकाळी आभाळ आले तर? साठविलेल्या उन्हावर बंदूक भरून घेण्याची सोय खेळात काही ठिकाणी आहे खरी, तथापि या शेवटच्या कामी ती उपयोगी पडत नाही.

यात अन्यायही होता. आजारी मुलाने किंवा महिनोन् महिने सूर्य न दिसणाऱ्या प्रदेशातील मुलाने काय करावे? तरीही खेळ लोकांना आवडला आणि २००४ व २००५ साली त्याचे पुढील भाग निघाले. २००६ मधील चौथा भाग मात्र 'निन्टेंडो डीएस' या नव्या यंत्रासाठी होता. त्याच्या कार्ट्रिजमध्ये प्रकाश मोजणारे उपकरणच नव्हते. ऊन-पाऊस पडद्यावरचाच, खोट्या आभाळातला! पण नव्या यंत्राला दुसरीही एक खाच होती. जपानमधील ज्या मुलांनी जुने कार्ट्रिज जपून ठेवले होते, ती ते त्या खाचेत बसवीत आणि यंत्र घेऊन पुन्हा उन्हात जात.