रात्री दचकून उठणारं मूल

पालकसभेत अभ्यासाचं बोलून झालं की एखादी आई मागे थांबते आणि हळूच विचारते, "बाई, पोरगी रात्री किंचाळत उठते. कुणी म्हणतं दृष्ट काढा. काय करू?"

पहिली-दुसरीच्या वयात हा त्रास बऱ्याच घरांत असतो. अशा वेळी मी दोनच प्रश्न विचारते. रात्री किती वाजता उठते? आणि सकाळी तिला ते आठवतं का? कारण हे घाबरणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्ही वेळी वेगळं वागावं लागतं.

१) वाईट स्वप्न : हे बहुधा पहाटेकडे पडतं. मूल पूर्ण जागं होतं, आईला बिलगतं, काय दिसलं तेही सांगतं. त्याला "गप झोप" म्हणू नये. जवळ घ्यावं, ऐकून घ्यावं, झोप लागेपर्यंत सोबत बसावं.

२) गाढ झोपेतलं घाबरणं : झोप लागल्यावर साधारण एक ते तीन तासांत मूल किंचाळून उठून बसतं. डोळे उघडे, अंगाला घाम. पण समोरच्या आईला ओळखत नाही. कारण ते अजून झोपेतच असतं! गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं तर जास्तच बिथरतं. त्याला कुठे लागणार नाही एवढं बघायचं आणि थांबायचं. बहुतेक वेळा काही मिनिटांत ते शांत होतं. सकाळी त्याला काही आठवत नाही, म्हणून खोदून विचारू नये. ताप, दमणूक, अपुरी झोप यांमुळे हे वाढतं. वय वाढलं की बहुतेक मुलांचं आपोआप थांबतं.

दोन्हींत पुरेशी झोप महत्त्वाची. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास, तर ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी ६ ला उठणारं पहिलीचं मूल रात्री ९ पर्यंत झोपलंच पाहिजे. झोपण्याआधी तासभर मोबाईल-टीव्ही बंद. आणि "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल" हेही बंद!

त्रास वारंवार होत असेल, मूल घोरत असेल, हातपायांना झटके येत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

शिक्षक मित्रांनो, वर्गात पेंगणाऱ्या मुलाला उभं करण्याआधी एकदा विचारूया, "बाळा, रात्री झोप झाली का?" घरी कुणी विचारलं नसेल, तर ते आपल्याला सांगेल.