आईलाही अभ्यासाला बसू द्या

आई-बापांनो, आज थोडं मोकळेपणानं बोलायचं आहे. ज्या घरात आई लेकरांचा अभ्यास स्वतः घेते आणि त्याच वेळी तिचं स्वतःचं शिक्षणही चालू आहे, अशा घराबद्दल. आपल्या केज तालुक्यात कुणी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतंय, कुणी मुक्त विद्यापीठातून बीए करतंय, कुणी रविवारच्या तासाला एसटीनं जातंय. अशा बाईला वाटेत हमखास विचारलं जातं, "आता शिकून काय कलेक्टर व्हायचंय का? लेकरांकडं बघा." हे विचारणारी माणसं वाईट नसतात. आईचा अभ्यास म्हणजे लेकरांच्या वाट्याचा वेळ कमी झाला, असं त्यांना मनापासून वाटतं. मला नेमकं याच्या उलटं दिसत आलंय आणि तेच आज तुमच्यापुढं मांडायचं आहे.

आधी ही बाई शिकायची राहिली का, ते बघू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं होतं. शंभरातल्या त्रेचाळीसहून जास्त जणींचं लग्न अठरा पुरे व्हायच्या आत झालेलं होतं. म्हणजे आज पहिली-दुसरीच्या लेकराचा अभ्यास घेणाऱ्या कितीतरी आया नववी-दहावीतून उठून थेट चुलीपुढं आलेल्या आहेत. पुस्तक त्यांनी आपणहून मिटलेलं नव्हतं. त्यामुळं लेकराचं पुस्तक हातात आलं की त्यांना आपलं अर्धं राहिलेलं पुस्तकही आठवतं. ही आठवण घराच्या कामी येऊ द्या.

आता घरच्या शाळेबद्दल. शहरात काही पालक लेकराला शाळेतून पूर्ण काढून घरी शिकवतात. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. सातवीनंतर ती शाळेत गेली नाही, आईनं नोकरी सोडून घरीच तिचा अभ्यास आखला, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिनं पदकं मिळवली आणि २०१६ साली तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. मला त्या आईचं फार कौतुक आहे. पण आपल्या गावात मी हा रस्ता सुचवणार नाही. आपल्याकडं घरच्या शाळेला जिल्हा परिषदेच्या शाळेचा आधार हवाच. तिथं पोषण आहार आहे, पुस्तकं आहेत, सोबतीची लेकरं आहेत, आणि मुलीचं नाव पटावर असलं की तिच्या लग्नाची घाई करणाऱ्यांना निदान एक अडसर असतो. तेव्हा नाव शाळेत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळची शाळा घरात भरवा.

काही कारणानं लेकरू शाळेपासून तुटलंच, तर घाबरू नका. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात दाखल करून घ्यायची तरतूद आहे. मागं पडलेला अभ्यास भरून काढायला खास शिकवणी मिळण्याचाही त्याला हक्क आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे आईला पाठ असलं पाहिजे, कारण शाळेच्या दारात बहुतेक वेळा तीच उभी असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं दुखणं वेगळं. दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरतात आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होऊन कारखान्यावर जातात, ते मार्च-एप्रिलला परततात. बरोबर नेलेल्या लेकरासाठी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेतात. मागं ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी उचल घ्यायच्या आधीच करा, ट्रॅक्टर दारात आल्यावर नको. आणि लेकरू आजीजवळ राहणार असेल तर घरची शाळा आजीच्या हाती सोपवून जा. आजीला वाचता येत नसलं तरी चालतं. रोज तिन्हीसांजेला एक पान मोठ्यानं वाचून घ्यायचं, एवढंच तिचं काम. लेकरू कुठं अडखळतंय, कुठं घाईनं ओळ गिळतंय, हे तिच्या कानाला बरोबर कळतं. आईनं कोपीवरून फोन केला की "जेवलास का" याच्याबरोबर "आजचं पान वाचून दाखव" हेही म्हणावं. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या बाईला हे सांगताना माझा जीव चरकतो. पण फोनवर पान ऐकलेली आई घरापासून तेवढी लांब राहत नाही, असंही मला वाटतं.

आता मुख्य गोष्ट. आई शिकते तेव्हा लेकरांचं काय होतं?

लेकरू रोज बघतं की मोठ्या माणसालाही एखादा परिच्छेद दोनदा वाचावा लागतो. आईला इंग्रजीचा शब्द अडतो, ती शब्दकोश उघडते, पेन्सिलीनं खूण करते, उद्या केंद्रावर विचारायचं म्हणून वहीच्या मागं लिहून ठेवते. कसं शिकायचं, हे लेकराला कुणी तोंडानं सांगून कळत नाही, ते असं शेजारी बसून कळतं. "अभ्यास कर" म्हणून ओरडणारी आई हातात मोबाईल धरून बसली असेल तर लेकरू मोबाईलच शिकतं. म्हणून माझं सांगणं आहे की संध्याकाळी एक तास घरात सगळ्यांचा मिळून अभ्यास असू द्या. आईनं त्या तासात लेकरांच्या डोक्यावर उभं राहू नये. आपली वही उघडून त्यांच्यातच बसावं. लेकराला अडलं तर त्यानं विचारावं, आणि आईला अडलं तर तिनंही थोरल्या लेकराला विचारावं. सातवीतल्या पोराला आईचं टक्केवारीचं गणित सोडवून द्यायला मिळालं की त्याची मान कशी ताठ होते, ते एकदा बघाच.

मुक्त विद्यापीठाचा इथं फार आधार आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं, ते अशाच माणसांसाठी, ज्यांना रोज कॉलेजात जाता येत नाही. त्यांची पुस्तकं शिक्षक समोर नाही हे धरूनच लिहिलेली असतात. मधेमधे प्रश्न असतात, आपलं उत्तर आपणच ताडून बघायचं असतं. हीच पद्धत लेकरांच्या अभ्यासाला लावून बघा. धडा संपला की त्यांनीच त्यावर तीन प्रश्न काढायचे आणि आईला घालायचे. आईला उत्तर आलं नाही तर धडा परत वाचायचा, तिनंही आणि त्यांनीही.

घरात शिकवायला वेगळं सामान आणायची गरज नाही. २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, पहिली ते आठवीच्या लेकरांसाठी. घरात, अंगणात जे असेल त्यातूनच लेकरांनी शिकावं, असं ती सांगायची. ती मालिका संपली, घर-अंगण आहे तिथंच आहे.

सोयाबीन घातल्यावर आडतीवरून जी पट्टी येते, ती खुंटीला टोचून ठेवू नका, लेकरापुढं ठेवा. समजा १२ क्विंटल ४० किलो माल गेला आणि भाव ४,२०० लागला. रक्कम किती? ५२,०८० रुपये. त्यातून हमाली किती गेली, तोलाई किती गेली, हातात काय आलं, हे लेकरानं काढून बापाला सांगावं. बियाणं, खत, फवारणी, मळणी यांचा खर्चही दुसऱ्या बाजूला त्यालाच लिहू द्या. पाचवी-सहावीच्या पोराला हे झेपतं, आणि बाप हिशेबाच्या वेळी गप्प का होतो, तेही त्याला पहिल्यांदा समजतं.

बचत गटाचं पासबुक हे तर शेकडेवारीचं पुस्तकच. १०,००० रुपये कर्ज, महिन्याला शेकडा २ रुपये व्याज, दहा हप्त्यांत फेड. राहिलेल्या रकमेवर व्याज धरलं तर पहिल्या महिन्याला २००, मग १८०, मग १६० असं उतरत जाऊन एकूण १,१०० होतं. तेच शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर धरलं तर २,००० होतं. नऊशे रुपयांचा फरक. आणि सावकाराचा शेकडा ५ दर पूर्ण रकमेवर लावला तर दहा महिन्यांत ५,०००. हे गणित आईनं आणि मुलीनं मिळून एकदा कागदावर मांडलं की पुढं कुणीही समोर कागद सरकवून "इथं अंगठा द्या" म्हणू शकत नाही. मुलीला मी हे गणित सर्वांत आधी शिकवीन.

पाण्याचंही तसंच. पावसाची बातमी मिलिमीटरमध्ये येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्या पडवीचा पत्रा २० फूट बाय १० फूट असेल तर तो साधारण साडेअठरा चौरस मीटर भरतो. १० मिलिमीटर पावसाला त्यावरून १८५ लिटर पाणी, म्हणजे पंधरा लिटरच्या बारा घागरी उतरायला हव्यात. पन्हळ लावून पिंप ठेवा आणि मोजा. कमी भरलं तर कुठं गळालं ते शोधा. आपल्याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. ते आटलं तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. माणशी २० लिटर दिलं तर किती माणसांना पुरेल? पंचवीस हजार. लातूर शहरात किती माणसं आहेत, ते लेकराला शोधून काढू द्या. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र तिथं एकत्र येतं. पावडीनं बारे देताना शेतात बापाबरोबर ते जे बोलेल, ते कुठल्या गाईडात सापडायचं नाही.

यात आईचा स्वतःचा अभ्यास कधी होणार, हा प्रश्न उरतोच, आणि तिथं घरातल्या बाकीच्यांचं काम सुरू होतं. नळाला पाणी आलं की उठायचं, दूधवाला आला की उठायचं, पाहुणा आला की चहाला उठायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत तर डोळे उघडे ठेवणंही जड जातं. सलग तास मिळेल म्हणून वाट बघत बसलात तर वर्ष निघून जाईल. तुटक वेळेतलं वाचन वेगळं काढून ठेवा: व्याख्या, सनावळ्या, इंग्रजीचे शब्द. ते भाकरी थापतानाही म्हणता येतात. लिहायचं काम मात्र पहाटेच्या निवांत वेळेसाठी राखा. आणि त्या वेळेला घरातल्या कुणीही, अगदी कुणीही, तिला हाक मारू नये.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई १८७३ साली अकराव्या वर्षी सासरी आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्यानं शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांनी त्यांना बोलून बोलून नको केलं. त्यांनी ते आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. तरी त्या शिकल्या, आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं करून संसारात पडलेल्या बायकांना शिकायची वाट करून दिली. मला त्यात एक गोष्ट टोचते. न्यायाधीश नवरा पाठीशी असूनही घरातल्या बायकांची बोलणी त्यांना एकटीलाच सोसावी लागली. आपल्याकडंही नवरा "शिक" म्हणतो आणि शेताला निघून जातो; घरातल्या टोमण्यांपुढं बाई एकटी उरते. नवऱ्यानं आपल्या आईशी आणि भावजयीशी एकदा स्वतः बोलावं. ते बायकोवर ढकलू नये.

सासूबाईंनाही बाजूला ठेवू नका. उल्लास या साक्षरता योजनेत पंधरा वर्षांवरच्या कुणालाही शिकता येतं. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रात या योजनेची परीक्षा गावोगावच्या शाळांत झाली, वाचन, लेखन आणि अंकज्ञान मिळून १५० गुणांची. त्या बाकांवर आज्याही होत्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ पासून आज्यांची वेगळी शाळाच भरू लागली. सासू, सून आणि नात एकाच सतरंजीवर बसल्या तर टोमणा मारायला घरात उरणार कोण?

आता परीक्षेचं. आईच्या पेपराची तारीख लेकरांच्या वेळापत्रकाशेजारी भिंतीला लावा, म्हणजे त्या दिवशी घरात पाहुणे बोलावले जाणार नाहीत. हॉल तिकीट आणि ओळखपत्र एका पिशवीत आधीच ठेवा. केंद्र केजला असो की अंबाजोगाईला, पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नका, नवऱ्यानं मोटारसायकलवर सोडायला जावं आणि पेपर सुटेपर्यंत तिथंच थांबावं. घरी सोयाबीनला कोळपणी असेल, तर ती एक दिवस पुढं ढकला. त्या दिवशीचा स्वयंपाक थोरल्या पोरानं करावा, पोरीनंच करावा असं नाही. पिठलं-भात दहा वर्षांच्या लेकराला येतो. आधी दोन-तीनदा आईसमोर करवून घ्या, म्हणजे पेपर लिहिताना तिचं अर्धं लक्ष गॅसकडं राहणार नाही.