दुसऱ्याच्या खाण्याचा आवाज असह्य का होतो?

शेजारच्याचे मचमच चावणे, चहाचा भुरका किंवा पेनची टकटक ऐकून अंगाचा तिळपापड होणे, याला मिसोफोनिया म्हणतात. हे नाव २००१ मध्ये मार्गारेट आणि पावेल जॅस्ट्रेबॉफ यांनी दिले. कान सहसा ठणठणीत असतात. २०१७ मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांना अशा आवाजांच्या वेळी हा त्रास असलेल्यांच्या मेंदूतील इन्सुला हा भाग जास्त सक्रिय झालेला आढळला. म्हणजे हा नुसता तिरसटपणा नव्हे. घरच्यांनी तसे हिणवणे सोडलेले बरे. जेवताना पंखा किंवा मंद रेडिओ सुरू ठेवला की आवाजाची धार बोथटते. कानांत दिवसभर बोळे मात्र घालू नयेत. शांततेची सवय लागून त्रास उलट वाढू शकतो. यावर हमखास औषध नाही. बोधात्मक वर्तनोपचाराने अनेकांना आराम पडतो, त्याआधी श्रवणतज्ज्ञाकडून कान तपासून घ्यावेत.