पहिल्या शुक्रवारनंतर

1. आधी जायचं. काय बोलायचं, ते तिथे गेल्यावर.

8 सप्टेंबर 2006. शुक्रवार, त्यात शब-ए-बारात. मालेगावात जुम्म्याची नमाज सुटली आणि हमिदिया मशिदीजवळ, बडा कब्रस्तानात स्फोट झाले; मुशावरत चौकातही. आपल्या माणसांच्या कबरींवर फातेहा पढायला आलेले लोक, दाराशी बसलेले फकीर, लेकरं. किमान 31 जण गेले.

इथे रावेरात आमच्या केळीच्या गाड्या भरणारे चाचा, त्यांची थोरली बहीण मालेगावात दिलेली. मी त्यांच्या ओट्यावर गेलो, पण तोंडातून शब्द फुटेना. चाचींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "बैठो बेटा." एवढंच. रात्री अकराला फोन लागला. बहीण सुखरूप होती, तिच्या शेजारचा पोरगा नव्हता.

2. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. कुणी सांगत नाही.

चाचा पहाटेच्या गाडीने मालेगावला निघाले. त्यांच्या वाट्याचं काम पाटलांच्या आणि कोळ्यांच्या पोरांनी केलं, मजुरी चाचींच्या हातात दिली. आईने कळण्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

3. "तुम्ही तसे नाही हो" हे कौतुक नाही. ते ऐकणाऱ्याला बाकी सगळं ऐकू येतं.

4. खरी परीक्षा पुढे असते. तिथे मी नापास झालो.

काही आठवड्यांनी नऊ मुस्लीम तरुणांना अटक झाली. चाचांनी मला विचारलं, "बेटा, शब-ए-बारातला आपल्याच कब्रस्तानात कोण बॉम्ब ठेवील?" मी म्हणालो, "पोलिसांकडे काहीतरी असेलच ना." चाचा गप्प झाले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल झटकला आणि गाडीकडे गेले. त्यानंतर मालेगावचा विषय त्यांनी माझ्यापाशी कधीच काढला नाही. मीही काढला नाही, आणि हेच मला जास्त लागतं. स्फोटाच्या रात्री ओट्यावर बसणं सोपं होतं; संशय त्यांच्याच लोकांकडे वळला तेव्हा मी तिथे नव्हतो.

त्या तरुणांना जामीन मिळायला 2011 उजाडलं. एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. चाचा तोवर गेले होते.

5. उशीर झाला तरी जायचं.

बातमीचं कात्रण घेऊन गेलो. "चाची, चाचांचं खरं होतं," म्हणालो. त्यांनी ते वाचलं नाही. घडी घातली आणि चाचांच्या चष्म्याच्या डबीत ठेवली. मग तांब्या घेऊन आल्या.